डबल साइझचा फ्लेक्स आणि हजाराचं बिल – दुकानाकडून रिप्लाय

नमस्कार सर, दुकानाचा मालक बोलतोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की मागच्या वर्षी 3 बाय 2 चा फ्लेक्स फ्रेमसकट 350 मध्ये झाला, यंदा "तोच, डबल साइझ" सांगितला तर 700 च्या जागी 1000 घेतले, शुद्ध लूट, आणि वर वडिलांचा फोटोही फुटलाय. लूट म्हणालात म्हणून हिशोब इथेच मांडतो.

फ्लेक्स आपण स्क्वेअर फुटावर देतो, 25 रुपये, मागच्या वर्षीही हाच रेट होता. 3 बाय 2 म्हणजे 6 स्क्वेअर फूट, 150 झाले. यंदाचा 6 बाय 4, म्हणजे 24 स्क्वेअर फूट, 600. लांबी पण डबल झाली आणि रुंदी पण, त्यामुळे माल चौपट लागला. जुना फ्लेक्स माळ्यावर असेलच (पेठेत कोण टाकून देतं), तो नव्यावर अंथरून बघा, बरोबर चारदा बसतो. फ्रेमची पट्टी मात्र रनिंग फुटावर, म्हणजे चारही बाजूंच्या एकूण लांबीवर, फुटाला 20 रुपये, ती 10 फुटांची 20 फूटच झाली, म्हणजे 200 चे 400, तिथे डबल म्हणजे डबलच.

झेरॉक्सवाल्याकडे ए-फोरचा ए-थ्री करताना मशीनवर 141 टक्के टाकतात बघा, 200 नाही, कारण कागद डबल व्हायला बाजू 1.41 पटच वाढते, 200 टाकलं तर थेट ए-टू, चार ए-फोर मावतील एवढा. तसा तुमचा डबल फ्लेक्स सव्वाचार फूट बाय दोन फूट दहा इंच झाला असता, फ्रेमसकट 600 च्या आत.

आता आमची चूक. काउंटरवरच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर "6 बाय 4 ना?" विचारलं, तुम्ही अंगठा पाठवला, त्याने रक्कम न कळवताच प्रिंटला टाकलं, हे चुकलंच, त्याला बोललोय. फोटोचंही तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला छोटा फोटो, तेवढेच पिक्सेल चौपट जागेत पसरले की फुटणारच, पण ते छापायच्या आधी सांगणं आमचं काम होतं.

ओरिजिनल फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फ्लेक्स परत छापून देतो, पैसे नकोत. फ्रेम तेवढी घेऊन या, तीच वापरू.