नऊ दिवस नुसत्या पाण्यावर: ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

घटस्थापना जवळ आली की कराड, वाई, विटा, तासगाव, कुठल्याही गावच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. त्याचा सारांश असा: नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढा, जमलं तर एकवीस दिवसांपर्यंत न्या. याच शोधाला जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय, उपाशी शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. डोकं दुखलं, चक्कर आली तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय. शुगर-बीपीच्या गोळ्या सुटतात. मन आपोआप देवाकडे वळतं. समर्थ, विनोबा, गांधीजी, जैन मुनी हेच करत आले. गुजरातेतल्या एका बाबांनी तर सत्तर वर्षं पाणीसुद्धा घेतलं नाही, डॉक्टरांनी तपासून मान्य केलं. आणि शेवटी नेहमीचं: डॉक्टर हे सांगणार नाहीत, दहा जणांना पाठवा.

कराडात माझं औषधांचं दुकान आहे. त्यामुळे 'याला काय, गोळ्या खपवायच्यात' असं कुणीतरी म्हणणार, हे धरूनच लिहितोय. उठता-बसता, म्हणजे घट बसतात आणि उठतात त्या दोनच दिवसांचा उपवास आमच्याही घरात असतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार या मेसेजबद्दल आहे.

'उपवासाला नोबेल मिळालं'

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, इथपर्यंत खरं. ते मिळालं ऑटोफॅजीबद्दल. पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग मोडून पुन्हा वापरते ती ही प्रक्रिया. ती कशी चालते आणि कुठल्या जनुकांवर चालते हे ओसुमींनी १९९० च्या दशकात शोधलं, आणि शोधलं ते यीस्टमध्ये, पाव फुगवायला वापरतात त्या. त्या यीस्टला उपाशी ठेवलं होतं, उपवासाशी संबंध एवढाच. माणसाने किती दिवस जेवू नये हा त्यांच्या संशोधनाचा विषयच नव्हता. नऊ आणि एकवीस हे आकडे मेसेज लिहिणाऱ्याचे आहेत.

कॅन्सरचं तर उलटंही होऊ शकतं. एकदा गाठ तयार झाली की तिच्यातल्या पेशी कठीण काळात तग धरायला हीच प्रक्रिया वापरतात. म्हणून ती रोखणारी औषधं कॅन्सरच्या रुग्णांवर तपासून पाहिली गेली आहेत. केमो चालू असलेल्या माणसाचं वजन उतरू नये म्हणून डॉक्टर आणि घरचे धडपडत असतात, आणि त्याच घरात हा मेसेज पोचतो. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

'चक्कर, डोकेदुखी म्हणजे विष बाहेर पडतंय'

कुठलं विष, त्याचं नाव काय, हे मेसेजात कधीच नसतं. नको असलेले पदार्थ बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, तुम्ही जेवलात तरी आणि नाही जेवलात तरी. पहिल्या दोन दिवसांतली डोकेदुखी बऱ्याचदा चहा सुटल्याची असते. दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्या माणसाने एकदम बंद केला की दुसरं काय होणार? तोंडाला येणारा वास ॲसिटोनचा, कारण शरीर आता चरबी जाळतंय. उठल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येते ती पाणी आणि मीठ दोन्ही कमी झाल्यामुळे: उपवासाच्या पहिल्या दिवसांत मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर सोडतात, त्याबरोबर पाणी जातं आणि बीपी उतरतं. प्रतापगडावरून, औंधावरून ज्योत घेऊन अनवाणी धावत येणारी पोरं यातच घामाचीही भर घालतात. त्यांना 'सहन करा, शुद्धी होतेय' असं सांगणं धोक्याचं आहे.

निरंकार, म्हणजे पाण्याविना उपवासाबद्दल वेगळं बोलायलाच नको. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा हिशेब दिवसांत नाही, तासांत लावावा लागतो.

'शुगर-बीपीच्या गोळ्या सुटतात'

यात खऱ्याचा एक कण आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची एक चाचणी झाली. टाइप २ मधुमेहाच्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीचा आहार दिला. वर्षअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना ताब्यात होती. पण ही माणसं रोज खात होती, मोजून दिलेलं खात होती आणि त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. आजार जुना झालेल्यांना आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं.

दुकानात दिसतं ते असं. काहीजण गोळी चालू ठेवतात आणि जेवण बंद करतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही; शुगर पाडायचं आपलं काम करतं. पहाटे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, मग बेशुद्धी. घरच्यांना वाटतं अंगात आलं. काहीजण उलटं करतात, सगळंच बंद. टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे इन्सुलिनवरच जगणाऱ्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठून तो अत्यवस्थ होतो. आणि एक तिसरा सापळा आहे, तो फारसा कुणाला माहीत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात. त्या चालू ठेवून उपाशी राहिलं तर तोच आम्लाचा प्रकार होऊ शकतो, आणि तोही मशीनवर शुगर जवळजवळ नॉर्मल दिसत असताना. मळमळ, पोटात दुखणं, धाप. ग्लुकोमीटर म्हणतो सगळं ठीक.

बीपीचं सोपं आहे. उपवासाने बीपी आधीच उतरलेलं, त्यात लघवीची गोळी चालू. पहाटेच्या आरतीला आजी झटकन उठतात, पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं.

रमजानच्या आधी गोळ्यांच्या वेळा बदलून घ्यायला लोक आधीच डॉक्टरांकडे जाऊन येतात, नवी चिठ्ठी घेऊन दुकानात येतात. नवरात्रात मात्र चौथ्या माळेला विचारणा होते, तीही 'चक्कर येतेय, काहीतरी द्या' अशी. वेळ बदलणं, मात्रा कमी करणं, एखादी गोळी काही दिवस थांबवणं हे सगळं करता येतं. फक्त ते घट बसायच्या आधी, आणि ज्याने औषध लिहून दिलं त्याच्याकडून.

'मन आपोआप देवाकडे वळतं'

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर भूक मंदावते आणि अनेकांना हलकं, शांत वाटतं. तो अनुभव खोटा नाही. मेंदू साखरेऐवजी बराचसा केटोनवर, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या इंधनावर चालायला लागलेला असतो, त्याचा त्यात वाटा असू शकतो. पण उपासमारीने मन आपोआप वर चढतं, याला आधार नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहून पाहिलं. युद्धाला नकार देणारे, त्यातले बरेच धर्मनिष्ठ पंथांमधले. त्यांच्यात चिडचिड आली, उदासी आली, एकलकोंडेपणा आला, आणि मन वळलं ते पाककृतींच्या पुस्तकांकडे. दिवसभर जेवणाच्याच गप्पा आणि रात्री जेवणाचीच स्वप्नं.

'समर्थांपासून जैन मुनींपर्यंत सगळे हेच करत आले'

इथे मेसेजने निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यात.

समर्थांनी शके १६०३ च्या माघात, म्हणजे १६८२ साली, सज्जनगडावर देह ठेवण्याआधी पाच दिवस अन्नपाणी सोडलं, असं परंपरा सांगते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला ते गेले. सांगलीकडच्या जैन घरांत आदराने ज्यांचं नाव घेतात, त्या आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवायचं जैन व्रत, घेतली. तिन्ही ठिकाणी शेवटी मृत्यू आहे, आणि तो जाणूनबुजून स्वीकारलेला आहे. त्याबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. सल्लेखनेवर २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे वाद आहेच. पण यातल्या एकानेही शुगर उतरावी म्हणून अन्न सोडलेलं नाही. देहाचा निरोप घ्यायची रीत आरोग्याचा उपाय म्हणून पुढे पाठवणं हा त्या परंपरेचाच अपमान आहे. आणि हयातभर समर्थांनी काय केलं? शहापूर, मसूर, चाफळ, बहे, बत्तीस शिराळा इथे मारुती बसवले. बलोपासना शिकवणारा माणूस उपासमारीचा प्रचारक कसा?

गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास, १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. वय ७३. पाण्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घेतच तो सुरू झाला होता. भोवती डॉक्टरांचा ताफा, त्यात बिधानचंद्र रॉय. तरी दुसऱ्या आठवड्यात प्रकृती इतकी ढासळली की पाण्यात मोसंबीचाही रस घालावा लागला. 'नुसत्या पाण्यावर एकवीस दिवस' याचं हे उदाहरण होतच नाही. आणि आंध्र राज्यासाठी जवळजवळ दोन महिने उपोषण करून १५ डिसेंबर १९५२ ला प्राण गेलेले पोट्टी श्रीरामुलू मेसेजात का नाहीत?

शास्त्राचंच म्हणाल तर गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. सतराव्यात तर शरीराला सुकवणारं घोर तप करणाऱ्यांना 'अचेतसः', म्हणजे अविवेकी, म्हटलंय. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात त्याग आणि तप 'शक्तितः', म्हणजे झेपेल तेवढंच. गौतम बुद्धांनी हाडं दिसेपर्यंत उपास करून पाहिला आणि सोडून दिला. आणि आपल्या तुकोबांनी 'नको सांडूं अन्न नको सेवूं वन, चिंतीं नारायण सर्व भोगीं' म्हणून विषयच मिटवला. घरातल्या बायकांनाही हे कळत होतं: बाळंतीण, पोटुशी, लहान पोर, दुखणाईत यांना उपास नाही. उठता-बसता हा तोडगा त्यातूनच आला. मेसेजात मात्र सूट कुणालाच नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि हे उपवास धरणाऱ्यांत बायकाच जास्त.

'बाबांना डॉक्टरांनी तपासलं'

प्रल्हाद जानी. अहमदाबादच्या रुग्णालयात २००३ आणि २०१० साली त्यांना निरीक्षणाखाली ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी दोन आठवडे. गुळण्या आणि आंघोळीला परवानगी होती. इतरांना तपासता येईल असा शोधनिबंध रीतसर प्रसिद्ध झाला नाही. दोन आठवड्यांवरून सत्तर वर्षं सिद्ध होत नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९९ साली हवेवर जगायचा दावा करणाऱ्या बाईंची टीव्हीवाल्यांनी परीक्षा घेतली, ती प्रकृती बिघडल्यामुळे चार दिवसांत थांबवावी लागली.

मेसेजात नसलेली गोष्ट: पारणं

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि याबद्दल मेसेजात एक ओळ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना भरपेट खायला मिळालं आणि त्यातले काही खाल्ल्यावर दगावले. वैद्यकशास्त्रात याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

होतं असं. बरेच दिवस न खाल्ल्यावर पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आटत जातो. रक्ताचा रिपोर्ट मात्र चांगला दिसतो, कारण शरीर आतलं काढून रक्तात पुरवत असतं. मग दसरा उजाडतो. पुरणपोळी, जिलेबी, वर कुणीतरी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे. एवढी साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातले हे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात. रक्तातलं फॉस्फेट कोसळलं की श्वासाचे स्नायू थकतात, पोटॅशियम-मॅग्नेशियम कोसळलं की हृदयाचा ठेका बिघडतो. साखर जाळायला ब जीवनसत्त्वातलं थायामिन लागतं, तेही संपत आलेलं असतं. त्याचा फटका मेंदूला बसतो. पाय सुजतात, आणि लोक म्हणतात अनवाणी चालल्यामुळे. हे सगळं पहिल्या काही दिवसांत घडतं, म्हणजे 'उपवास सुटला, आता काळजी नाही' असं सगळे म्हणत असताना.

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या सूचनांनुसार पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस जोखमीत धरतात आणि पहिले दोन दिवस त्याला गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देत नाहीत. दहा दिवसांच्या पुढे जोखीम मोठी मानतात. स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीने १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस उपवास केला, असंही कुणी पुढे करतं. तो अतिलठ्ठ होता, रुग्णालयाच्या देखरेखीखाली होता, त्याला जीवनसत्त्वं आणि क्षार दिले जात होते. त्याच काळात वजनासाठी असे लांब उपवास करवून घेतलेले इतर काही रुग्ण दगावले.

कुणी पाच-सहा दिवस खरोखर पाण्यावर काढले असतील तर उपवास सोडायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या. सुरुवात थोड्याने करा, पेढ्याने नाही. आणि गळाल्यासारखं होतंय म्हणून परस्पर 'एक ग्लुकोजचं सलाईन लावून टाका' असं करू नका. आपल्याकडे हे फार चालतं. थायामिन न देता ग्लुकोज चढवलं तर वर सांगितलेलं सगळं सुईतून होऊ शकतं.

'डॉक्टर हे सांगणार नाहीत'

विचारून बघा, सांगतात. फुकटात सांगतात, बहुतेकदा ओरडून सांगतात. आणि उपवासात किंवा पारण्यानंतरच्या आठवड्यात धाप लागली, छाती धडधडली, बोलणं अडखळलं, डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं, लघवी दिवसभर झाली नाही किंवा माणूस जागा होत नसेल तर ग्रुपवर विचारत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि किती दिवस काय खाल्लं नाही हे गाडी आल्या आल्या सांगा.