फिनला वाऱ्यावर कुणी सोडलं?

स्टार वॉर्स या अंतराळपटांच्या मुख्य कथेतल्या शेवटच्या तीन चित्रपटांवरची (२०१५ ते २०१९) भांडणं काही केल्या थांबत नाहीत. २०१७ मध्ये ‘द लास्ट जेडाय’ आला आणि फॅन्समध्ये जे दोन तट पडले, ते आजही तसेच आहेत. एका बाजूचं म्हणणं, दिग्दर्शक रायन जॉन्सनने जुन्या चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर याची माती केली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तुम्हाला लहानपणीचा हिरो जसाच्या तसा हवाय, त्याचं म्हातारपण तुम्हाला सोसत नाही. या वादात मीही तावातावाने बोलते, कारण ही पात्रं मला मनापासून जवळची आहेत. पण या सगळ्या कंठशोषात एक नाव कायम मागे राहतं. फिन. माझं ठाम मत आहे की या तीन चित्रपटांत सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झाला. आणि तो एखाद्या दिग्दर्शकाच्या लहरीमुळे झाला नाही. पात्रं ठरण्याआधी रिलीजच्या तारखा ठरल्या होत्या, म्हणून झाला.

या तिन्हींतल्या पहिल्या, ‘द फोर्स अवेकन्स’ची सुरुवात आठवा. जक्कू ग्रहावरचं छोटं गाव, रात्रीची वेळ. पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर्स, म्हणजे शत्रूचे सैनिक, उतरतात आणि जाळपोळ सुरू होते. त्यांच्यातला एक जण मार लागून कोसळतो. दुसरा त्याच्यापाशी गुडघ्यावर बसतो. मरणारा हात वर करतो आणि त्याची रक्ताने माखलेली बोटं समोरच्याच्या हेल्मेटवर ओढली जातात. १९७७ च्या पहिल्या चित्रपटापासून आपण हे ट्रूपर्स ढिगाने मरताना पाहिलेत आणि आपल्याला कधी काही वाटलं नाही, कारण त्यांना चेहराच नव्हता. इथे पांढऱ्या हेल्मेटवर त्या लाल रेघा उमटल्या आणि त्या गर्दीतला एक माणूस आपल्याला ओळखता येऊ लागला. पुढे गावकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम येतो तेव्हा तो झाडत नाही. त्याला नाव नाही, एफएन-२१८७ हा नंबर आहे. लहानपणीच घरातून उचलून नेलेलं, लढण्यासाठीच वाढवलेलं पोर. ‘फिन’ हे नाव त्याला पुढे पो हा बंडखोर वैमानिक देतो, तेही पळून जाता जाता.

माझ्या मते इतका मोठा प्रश्न या मालिकेत त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. समोरचे सैनिक हे पळवलेली मुलं असतील, तर त्यांना मारताना टाळ्या कशा वाजवायच्या? पण दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स स्वतःच तो प्रश्न पुढच्या काही मिनिटांत विसरतात. पोबरोबर पळताना फिन हँगरमधल्या आपल्याच जुन्या साथीदारांवर तोफ चालवतो आणि आनंदाने ओरडतो. ते दृश्य मला आजही खुपतं. ज्याच्या हातात कालच एक दोस्त मेला, तो असा ओरडेल?

‘लास्ट जेडाय’मध्ये फिनला थोडी दिशा मिळते. फक्त रेला, म्हणजे या चित्रपटांच्या नायिकेला, वाचवण्यासाठी पळू पाहणारा मुलगा शेवटी ट्रूपर्सची कॅप्टन फाझ्मा हिच्यासमोर उभा राहून स्वतःला बंडखोर म्हणवून घेतो. मला तो प्रवास आवडला. पण याच चित्रपटाच्या डीव्हीडी-ब्ल्यूरेवर एक वगळलेला सीन आहे, तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. फिन बाकीच्या ट्रूपर्ससमोर फाझ्माचं बिंग फोडतो. स्वतःचा जीव वाचवायला आधीच्या चित्रपटात हिनेच तळाच्या संरक्षक ढाली उतरवून दिल्या, हे सांगतो. ट्रूपर्स चुळबुळायला लागतात, एकमेकांकडे बघतात, आणि फाझ्मा त्यांनाच गोळ्या घालते. फिन ट्रूपर्सशी माणूस म्हणून बोलतोय आणि ते ऐकतायत, असा हा क्षण होता, आणि नेमका तोच कापला गेला.

तिसऱ्या, म्हणजे ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये जॅना भेटते. तीही पळून आलेली ट्रूपर, आणि तिच्याबरोबर अख्खी तुकडी, जिने सामान्य लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला होता. फिनसारखे कितीतरी आहेत, हे इथे कळतं. खरं तर इथून चित्रपट उसळायला हवा होता. दोघांचं जेमतेम दोन मिनिटं बोलणं होतं आणि मग सगळे मिळून जहाजावर चढून इतर ट्रूपर्सना मारायला लागतात. “तुम्हीही या” असं एकदाही कुणी म्हणत नाही.

याच तिसऱ्या भागाचा आधी ठरलेला दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो याने लिहिलेली पटकथा २०२० च्या सुरुवातीला फुटली. तीत फिन राजधानीच्या ग्रहावर बंड उभं करतो. ती पटकथा फार थोर होती असं मी म्हणत नाही, पण निदान फिनला काम होतं.

आता तारखांकडे या. डिस्नेने स्टार वॉर्स काढणारी लुकासफिल्म कंपनी विकत घेतल्याची घोषणा ३० ऑक्टोबर २०१२ ला झाली, किंमत सुमारे ४.०५ अब्ज डॉलर. त्याच घोषणेत सांगितलं गेलं की पुढचा चित्रपट २०१५ मध्ये येणार. गोष्ट पक्की नव्हती, दिग्दर्शक ठरलेला नव्हता, वर्ष मात्र ठरलं होतं. पहिले पटकथाकार मायकल आर्न्ट ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेर पडले. एब्रम्स आणि लॉरेन्स कॅस्डन यांनी लिखाण हातात घेतलं आणि मे २०१४ मध्ये शूटिंगही सुरू झालं. आणि दुसऱ्या भागाचं? पहिला भाग प्रदर्शित झाला डिसेंबर २०१५ मध्ये. दुसऱ्या भागातल्या ल्यूकच्या बेटावरचं काही शूटिंग आयर्लंडच्या स्केलिग मायकलवर सप्टेंबर २०१५ मध्येच उरकलं होतं. म्हणजे लोकांनी फिनला अजून पाहिलेलंही नव्हतं. त्याच्यात काय दडलंय, प्रेक्षक कुठे गलबलले, हे समजून घ्यायला कुणाला उसंतच नव्हती.

ल्यूकचं भांडणही इथूनच निघतं. पटकथेत ल्यूक आला की तो सगळी गोष्ट बळकावतो, मग नव्या पात्रांकडे कुणी बघत नाही, ही अडचण आर्न्ट यांनीच सांगितली आहे. म्हणून ल्यूकला शेवटच्या सीनपर्यंत दूर ठेवलं. एकांतात गेलेला ल्यूक सुरुवातीच्या रेखाटनांतही होता हे खरं, पण तो का गेला, याचं उत्तर पहिल्या चित्रपटाने एक-दोन वाक्यांत उरकलं. मित्रांसाठी साधना अर्धवट टाकून धावत सुटणारा ल्यूक त्याचा जुना मित्र हान याचा जीव जातो तेव्हा बेटावर बसून का राहिला, हे जॉन्सनला शोधावं लागलं. त्याने शोधलेलं उत्तर मला पटतं. झोपलेल्या भाच्यावर क्षणभर लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) पेटवणारा ल्यूक म्हणजे १९८३ च्या चित्रपटातलाच ल्यूक आहे. तेव्हाही बहिणीचं नाव निघताच तो बापावर तुटून पडला होता, त्याचा हात तोडला होता आणि मगच भानावर आला होता. तुम्हाला हे उत्तर पटत नसेल तर जरूर भांडू या. पण प्रश्न जॉन्सनने निर्माण केला नव्हता, तो त्याच्या पदरात टाकला होता. ल्यूकचं काम करणाऱ्या मार्क हॅमिलच्या मुलाखतीचा दाखला देणाऱ्यांनी ती पूर्ण वाचावी. आपण या निवडींशी असहमत आहोत असं तो म्हणाला, आणि त्याच दमात हेही म्हणाला की दिग्दर्शकाची कल्पना पडद्यावर जिवंत करणं हे आपलं काम आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेव्होरोला बाजूला केलं आणि एब्रम्स परत आले. तारीख मे २०१९ वरून त्याच वर्षीच्या डिसेंबरवर गेली, तेवढीच काय ती सवलत. त्या घाईत रेचे आईवडील ‘कुणीच नाहीत’ वरून जुना खलनायक सम्राट पॅल्पटिन याच्या घराण्यात गेले. तिचा जन्म कुणाच्या घरचा हे शूटिंग सुरू असतानाही बदलत होतं, असं रेचं काम करणाऱ्या डेझी रिडलीने स्वतः सांगितलंय. आणि पॅल्पटिन परत आलाय ही बातमी? चित्रपटाची सुरुवातीची पाटी सांगते की सगळ्या आकाशगंगेने त्याचा संदेश ऐकला. तो संदेश चित्रपटात नाही. तो काही दिवस आधी ‘फोर्टनाइट’ या गेममध्ये ऐकवला गेला. तिकीट काढून बसलेल्या माणसाला गोष्टीचा पहिला धागाच मिळत नाही, कारण तो दुसऱ्या दुकानात ठेवलाय. याचा मला मनापासून संताप येतो.

कुणी म्हणेल, स्टार वॉर्स पहिल्यापासून धंदाच होता. होताच. स्टार वॉर्सचा जनक जॉर्ज लुकास याने मानधन वाढवून मागण्याऐवजी खेळण्यांचे आणि पुढच्या भागांचे हक्क स्वतःकडे ठेवले होते. १९७७ च्या नाताळात केनर कंपनीची खेळणी तयारच झाली नव्हती, तेव्हा खोक्यात बाहुल्यांऐवजी प्रमाणपत्र घालून विकलं आणि बाहुल्या नंतर पोस्टाने पाठवल्या. पण त्या कमाईतून काय झालं ते बघा. १९८० चा दुसरा भाग लुकासने स्वतःचे पैसे आणि बँकेचं कर्ज घालून काढला. त्यामुळे नायकाचा हात तुटतो, खलनायक बाप निघतो, मित्र गोठवला जातो आणि चित्रपट हरलेल्या अवस्थेत संपतो, असली गोष्ट करायची मोकळीक मिळाली. खेळण्यांच्या पैशाने तेव्हा गोष्टीला वेळ आणि धाडस मिळवून दिलं. २०१५ मध्ये नवी खेळणी ४ सप्टेंबरच्या मध्यरात्री दुकानांत आली, चित्रपटाच्या तीन महिने आधी, आणि मागे हटायची वाटच उरली नाही. (सुट्टीच्या हंगामाचं गणित आपल्याकडेही दिसलं. १८ डिसेंबरला ‘दिलवाले’ आणि ‘बाजीराव मस्तानी’ लागले होते, ‘फोर्स अवेकन्स’ भारतात आला २५ ला.)

फिनला याच धंद्याने आधी वापरलं. नोव्हेंबर २०१४ च्या पहिल्या टीझरमध्ये सगळ्यात आधी दिसतो तो वाळवंटात घामाघूम होऊन उठणारा फिन. लाइटसेबर घेऊन उभा असलेला फिन सगळीकडे झळकला. मग चीनच्या पोस्टरवर तोच छोटा करण्यात आला. फिनचं काम करणाऱ्या जॉन बॉयेगाने २०२० च्या मुलाखतीत डिस्नेला उघड सुनावलं की कृष्णवर्णीय पात्राला आहे त्यापेक्षा मोठं दाखवून विकू नका आणि मग कडेला ढकलू नका. तो हे बोलला तेव्हा हातात पुढचं काम असलेला तरुण नट होता. त्याचं मला फार कौतुक आहे.

आणि रोज, ‘लास्ट जेडाय’मधली फिनची साथीदार. तिचं काम करणाऱ्या केली मेरी ट्रॅनवर इतकी घाण ओतली गेली की २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकल्या. पुढच्या चित्रपटात रोज जेमतेम मिनिटभर दिसते. लेखक क्रिस टेरिओ यांनी कारण दिलं की ल्यूकच्या बहिणीचं काम करणाऱ्या दिवंगत कॅरी फिशरच्या जुन्या फुटेजवर बेतलेले तिचे काही सीन जमले नाहीत. जमले नसतीलही. पण दुसरे सीन लिहिता आले असतेच ना? ते कुणी लिहिले नाहीत.

इतकं लागोपाठ आणि इतक्या घाईने चित्रपट काढणं ही आपली चूक होती, असं डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर २०१८ मध्येच म्हणाले. तरीही आपले फॅन्स एकमेकांच्या उरावर बसलेत, जॉन्सनला आणि नटनट्यांना टॅग करून शिव्या घालतायत. वेळापत्रक कुणी आखलं यावर मात्र एक धड चर्चा होत नाही.

रेवर नवा चित्रपट काढणार असं एप्रिल २०२३ मध्ये लंडनला जाहीर झालं. त्यात फिन असावा आणि त्याने ट्रूपर्सशी बोलावं, ही माझी मनापासून इच्छा आहे. तुमचं मत वेगळं असेल तर कमेंटमध्ये लिहा, ल्यूकवरही बोलू, मी सगळ्यांना उत्तर देईन. फक्त केली मेरी ट्रॅनबद्दल कुणी वेडंवाकडं लिहिलं तर ती कमेंट मी लगेच काढून टाकणार आहे.