परीक्षेतले गुण म्हणजे निदान नव्हे

‘कृत्रिम बुद्धिमत्तेने वैद्यकीय परवाना परीक्षेचे प्रश्न सोडवले, यंत्र आता डॉक्टरांच्याही पुढे गेले असून पुरेशा नोंदी दिल्या की उरलेला तर्क ते आपणहून शिकेल,’ असा दावा सर्वत्र फिरत आहे. त्यातली तिन्ही विधाने मला धोकादायक वाटतात.

परीक्षेच्या प्रश्नात रुग्णाचे वय, लक्षणे आणि अहवाल कोणीतरी आधीच निवडून मांडलेले असतात. प्रत्यक्षातला रुग्ण ‘छातीत कसंतरी होतंय’ एवढेच सांगतो. तेवढ्यावरून मोजक्या शक्यता मनाशी धरायच्या, त्या पारखण्यासाठी काय विचारायचे, कोणती तपासणी आधी करायची आणि कुठे थांबायचे हे ठरवायचे, हाच निदानाचा गाभा आहे, आणि त्याची परीक्षा इथे होतच नाही.

डॉक्टरांना मागे टाकण्याची बातमीही जुनीच. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये डॉक्टर द डोम्बाल यांच्या गटाने १९७२ मध्ये, तीव्र पोटदुखीच्या ३०४ रुग्णांत, बेझच्या नियमावर (लक्षणांवरून प्रत्येक आजाराची शक्यता मोजण्याच्या गणिती सूत्रावर) चालणाऱ्या संगणकाचे निदान ९१.८ टक्के अचूक ठरल्याचे दाखवले. सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे प्रमाण ७९.६ टक्के होते. मात्र आजारांची यादी मर्यादित होती आणि लक्षणे माणसांनीच टिपून दिली होती.

सर्वांत घातक आहे ते तिसरे विधान. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून मृत्यूचा धोका वर्तवणाऱ्या एका संगणकीय मॉडेलने ‘दमा असेल तर धोका कमी’ असा नियम शिकला होता. संगणकशास्त्रज्ञ रिच कारुआना यांनी २०१५ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा केली. नोंदींच्या दृष्टीने नियम खरा होता, कारण दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात दाखल करून कसून उपचार होत असत आणि म्हणूनच ते वाचत असत. या नियमावर विसंबून त्यांना घरी पाठवले असते, तर ज्या उपचारांमुळे आकडे चांगले दिसत होते, तेच उपचार त्यांच्या वाट्याला आले नसते. अशा नोंदी दुप्पट केल्या तरी ही चूक सुधारत नाही, उलट अधिक पक्की होते. कारण उपचार आणि परिणाम यांचा कार्यकारणसंबंध मॉडेलच्या रचनेतच घालावा लागतो.

संशोधक रिचन्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आजार आणि लक्षणे यांच्या बाबतीत हेच केले. ‘हा आजार नसता तर ही लक्षणे राहिली असती का’ असा प्रश्न विचारणारी पद्धत त्यांनी निदान करणाऱ्या आपल्याच मॉडेलला दिली, तेव्हा ४४ डॉक्टरांशी तुलना करता ते वरच्या ४८ टक्क्यांतून वरच्या २५ टक्क्यांत पोहोचले. अर्थात ती चाचणीही लिहून दिलेल्या रुग्णवृत्तांतांवरच झाली होती, त्यामुळे पहिला आक्षेप तिलाही लागू आहे.