'ला रिकोत्ता'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या 'ला रिकोत्ता' या लघुपटावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "दुसऱ्यांच्या देवाची विटंबना मिटक्या मारत बघणाऱ्या तुमच्यासारख्यांना श्रद्धा काय कळणार!" लेखाचं शीर्षक भडक आहे, असंही म्हणालात. ते मान्य. थोडं सौम्य चाललं असतं.

पण "दुसऱ्यांच्या देवाची"? अहो, तो माझाच देव आहे. मी वसईचा कॅथलिक. दर ईस्टरआधीच्या उपवासकाळात आईचा हात धरून, येशूच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे दाखवणाऱ्या क्रुसाच्या वाटेच्या चौदाही स्थानांपुढे गुडघे टेकत मोठा झालो. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गुड फ्रायडेला घरात चूल पेटायची ती एकदाच. मला श्रद्धा शिकवण्याआधी मी कोण, एवढं तरी विचारायचं होतंत. "तुमच्यासारख्यांना" हा शब्द कुठल्या अधिकाराने वापरलात?

आणि विटंबना कुणाची? 1963 चा हा जेमतेम पस्तीस मिनिटांचा चित्रपट. रोमच्या वेशीवर ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या, म्हणजे क्रुसावरच्या छळ-मरणाच्या कथेचं चित्रीकरण चाललंय. स्ट्राची हा गरीब एक्स्ट्रा येशूशेजारी क्रुसावर चढवलेल्या 'चांगल्या चोरा'चं काम करतोय. मिळालेलं जेवण तो बायकापोरांना देऊन टाकतो. खटपट करून मिळवलेलं दुसरं जेवण नटीचा कुत्रा खातो. तो कुत्रा विकून तो पाव आणि रिकोत्ता हे ताजं चीज आणतो, अधाशासारखा खातो. मग सगळे हसत हसत त्याला आणखी चारतात. शेवटी क्रुसावरच अपचनाने मरतो. तिथे निर्माते, पत्रकार, पाहुणे सगळे हजर. दुःखसहनाचं भव्य चित्र उभारणाऱ्यांना समोरचा उपाशी माणूस दिसत नाही, हे पासोलिनीचं म्हणणं. ख्रिस्ताला हसणारी एकही चौकट मला त्यात सापडलेली नाही. उलट सुरुवातीच्या निवेदनातच तो सांगतो की दुःखसहनाची कथा त्याला सर्वांत थोर वाटते. पुढच्याच वर्षी त्याने बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला आणि तो पोप तेविसाव्या जॉनच्या स्मृतीला वाहिला. असा माणूस देवाची टिंगल करायला बसला होता?

"कोर्टानेच दोषी ठरवलं" म्हणता. ठरवलं, पासोलिनीला राज्याच्या अधिकृत धर्माच्या अवमानाबद्दल चार महिन्यांची शिक्षाही सुनावली. 1964 मध्ये अपिलात तो सुटला. हे अर्धं आपण का गाळलंत?

आपण दिलेला ब्रिटनमधल्या 'व्हिजन्स ऑफ एक्स्टसी'चा दाखला इथे लागू नाही. तो आव्हिलाच्या संत तेरेसावरचा (मदर तेरेसा नव्हे) वेगळा चित्रपट आहे. 1989 मध्ये त्याला प्रमाणपत्र नाकारलं, 1996 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो नकार उचलून धरला, हे खरं. पण 2008 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधला ईशनिंदेचा कायदाच गेला आणि 2012 मध्ये तो चित्रपट प्रौढांसाठी संमत झाला. "परदेशी थेरं" वगैरेला मी उत्तर देणार नाही.

चित्रपट आपण पाहिलेला नाही, हे प्रतिक्रियेच्या ओळीओळीतून कळतं. आधी पाहा, मग जरूर भांडा. मात्र "तुमच्यासारखे" म्हणून सुरू होणारी प्रतिक्रिया यापुढे मी इथे ठेवणार नाही.