32 इंजिनिअरांची अर्धीच गोष्ट

'फेसबुकने 2014 मध्ये 19 अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घेतलं, तेव्हा ते 45 कोटी लोक वापरत होते आणि इंजिनिअर होते फक्त 32. मग तुमच्या 200 जणांच्या प्रोजेक्टवर बाकीचे काय माश्या मारतात?' हा फॉरवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. खाली दोन शेपट्या: टीम जितकी लहान तितकं काम जास्त, आणि माणूस वाढवला की काम मागे पडतं, हे आयबीएममध्ये मोठा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट चालवलेल्या फ्रेड ब्रूक्सने सिद्धच केलंय.

आकडे खरे आहेत. पण त्या 32 जणांनी काय बनवलं होतं ते बघा. तेव्हा व्हॉट्सॲपवरून फोन लागत नव्हता, कॉम्प्युटरवर ते उघडत नव्हतं. दोन्ही सोयी 2015 च्या. पैसे पाठवणं नाही, जाहिराती नाहीत. मोबाइल नंबर हीच ओळख, म्हणून पासवर्डची कटकट नाही. मेसेज पोचला की सर्व्हरवरून पुसायचा, म्हणून जुना साठा सांभाळणं नाही. आणि सर्व्हर एरलँगमध्ये. ही भाषा एरिक्सन कंपनीने 1980 च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली. एकाच वेळी असंख्य कॉल पेलायची डोकेदुखी तिथल्या लोकांनी आधीच निस्तरून ठेवली होती. ते 32 मध्ये धरलेले नाहीत. मोजकंच काम अंगावर घेतलं, ही व्हॉट्सॲपवाल्यांची खरी हुशारी. बँकेच्या सॉफ्टवेअरला ती चैन नाही. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की 'हे फीचर आम्ही देत नाही' म्हणता येत नाही.

(हिंजवडीतल्या आयटी कंपन्या ग्राहकाला डोकी मोजून बिल लावतात तिथे काही जण निव्वळ बिलापुरते असतात, हे कबूल. पण तो दोष कराराचा.)

आता ब्रूक्स. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचा अनुभव घेऊन 1975 मध्ये त्याने लिहिलं ते आधीच उशीर झालेल्या प्रोजेक्टबद्दल, आणि विधान फार ढोबळ आहे हेही त्यानेच सांगितलं. नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो, शिवाय बोलणी वाढतात: 5 जणांत 10 जोड्या, 50 जणांत 1225. पण हा हिशोब प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचं ठरवलं तरच लागू. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, प्रत्येकीत हजाराहून जास्त जणांचा कोड असतो. प्रत्येक भागाला राखणदार आहे, पॅच, म्हणजे कोडमधला बदल, त्याच्या हातून वर जातो. बाकीच्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

राहिली लहान टीम. माणशी काम जास्त होतं, खरंय. आमच्याकडे हाच फॉरवर्ड दाखवून 9 जणांचे 4 केले. पहिले दोन महिने मजेत गेले, मीटिंगाच नाहीत! मग एकाने नोकरी सोडली, आणि पेमेंटचा भाग नेमका त्यालाच माहीत. पुढचे सहा आठवडे आम्ही त्याला रोज संध्याकाळी फोन करत होतो. व्हॉट्सॲपवरूनच.