‘मिस’ आणि ‘आठवण’ : साताऱ्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

‘मिस’ या क्रियापदावरच्या माझ्या लेखावर तुम्ही कळकळीने लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कोशात ‘आठवण येणे’ हा अर्थ दिलेला असताना मी तो बाजूला सारून ‘चुकणे’ पुढे केला, ‘मला आई चुकते’ असं कुठला मराठी माणूस म्हणेल, आणि असा कीस काढत बसलो तर खेड्यातली मुलं इंग्रजी बोलायला आणखी बिचकतील.

दुसरा मुद्दा मला मान्य आहे. ‘मिस म्हणजे चुकणे, एवढंच लक्षात ठेवा’ हे वाक्य मी घाईत लिहिलं होतं. ते आज काढून टाकलं. ‘आठवण येणे’वरची हरकत मात्र मागे घेत नाही.

सांगलीत मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. पुण्यात नोकरीला लागलेल्या एका विद्यार्थ्याने जुन्या साहेबांना लिहिलं, ‘आय रिमेंबर यू’. त्याला म्हणायचं होतं, तुमच्यावाचून इथे करमत नाही. साहेबांचं उत्तर आलं, ‘मीही तुला विसरलेलो नाही.’ एका मुलीला घरमालकांना कळवायचं होतं की विजेच्या बिलाची आज आठवण झाली. तिने लिहिलं, ‘आय मिस्ड द बिल टुडे’. म्हणजे बिल भरायचं राहून गेलं! घरमालकांचा लगेच फोन. दोघांच्याही डोक्यात ‘मिस’ आणि ‘आठवण’ अशी जोडी पक्की बसली होती, आणि ती त्यांना आपणच शिकवली होती.

जुन्या इंग्रजीत ‘मिस’ हा शब्द नेम न लागण्यासाठी होता. बाण सुटला, लक्ष्याला लागला नाही. त्यातून पुढे, जी वस्तू जिथे असायला हवी तिथे ती नाही हे ध्यानात येणं, असा अर्थ आला. ‘व्हेन डिड यू मिस युअर पर्स?’ हा प्रश्न आजही त्याच अर्थाने विचारतात : पाकीट नाही हे कधी लक्षात आलं? आणि जागेवर नाही ते माणूस असेल, तर ती उणीव मनाला लागते. ‘आय मिस यू’ इथून आलं. त्यात स्मरणाचा भाग असतो, पण मूळ गोष्ट रिकाम्या जागेची आहे.

आता आपल्याकडे बघा. नेम चुकतो. एसटी चुकते. मिरज स्टेशनवर कोयनेच्या गर्दीत दोघांची चुकामूक होते; त्याला इंग्रजीत सरळ ‘वुई मिस्ड ईच अदर’ म्हणतात, आणि तिथे ‘आठवण’ घातली तर वाक्याचा अर्थच पालटतो. राहिला प्रश्न मनाचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातलं घर सोडून आम्ही मिरजेला मावशीकडे राहिलो. आई पहाटे उठायची, सवयीने पाय देवघराकडे वळायचे आणि समोर कपाट यायचं. चहा ओतताना ती म्हणाली, ‘मला इथं चुकल्याचुकल्यासारखं होतंय गं.’ मावशीने तिला काही कमी पडू दिलं नव्हतं. घराची आठवण येते असंही आई म्हणाली नाही, कारण ती घर आठवत बसलीच नव्हती. तिच्या पायांना देवघर सापडत नव्हतं. ‘मिस’चं याहून नेमकं मराठी मला आजवर मिळालेलं नाही. नेमासाठी आणि मनासाठी एकच धातू दोन्ही भाषांत चालावा, याचं मला अजून नवल वाटतं.

सगळीकडे हे जुळतं असं नाही. ‘उत्तर चुकलं’ तिथे ‘मिस’ चालत नाही. ‘कर चुकवला’ यात मुद्दाम केल्याचा भाव आहे, तो ‘मिस’मध्ये नाही. आणि कर्म विसरून नुसतं ‘आय अ‍ॅम मिसिंग’ लिहिलं तर घरच्यांना वाटेल पोरगा बेपत्ता झाला.

मुलं बिचकतील, ही तुमची काळजी खरी आहे. माझा अनुभव मात्र वेगळा आहे. वर्गात विचारलं, ‘मैत्रीण नांदायला गेली की तुला काय होतं?’ तर तासगावकडची एक मुलगी पटकन म्हणाली, ‘करमंना होतं, मॅडम.’ मग मी फळ्यावर ‘आय मिस हर’ लिहिलं. अर्थ सांगावा लागला नाही. ‘आठवण येणे’ लिहून दिलं असतं तर तिने ते पाठ केलं असतं आणि परीक्षेनंतर ‘रिमेंबर’शी त्याची गल्लत केली असती.

तुमच्या सातवीच्या वर्गात एकदा असं विचारून पाहाल का? माण-खटावकडची मुलं ‘करमंना’ म्हणतात, ‘सय येते’ म्हणतात की आणखी काही, ते मला हवं आहे. तो शब्द मी लेखात घालेन.