जाकोलिओसाहेबांचं सर्टिफिकेट कशाला हवं?

‘फ्रान्सचे न्यायाधीश व थोर संस्कृत पंडित लुई जाकोलिओ यांनी 1869 मध्येच सिद्ध केलं : बायबल भारतातून उचललं, ख्रिस्त म्हणजे कृष्णच. नीत्शेसुद्धा मनुस्मृतीपुढे नतमस्तक! अशोकाच्या नऊ गुप्त ज्ञानींचा शोधही त्यांचाच.’ मामांनी हे फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि निम्म्या घराण्याने हात जोडले. आता गप्प बसवत नाही.

न्यायाधीश होते, मान्य. 1860 च्या दशकात बंगालमधल्या चंद्रनगर या फ्रेंच वसाहतीत ते काम करत. भारतभूमीचे गोडवे गायले, तेही खरं. पण पंडित? संस्कृतचा जर्मन अभ्यासक मॅक्सम्युलर याने 1870 मध्येच लिहून ठेवलंय की जाकोलिओ वेदांतले म्हणून जे उतारे देतात ते प्राचीन संस्कृतातले नाहीतच, एकोणिसाव्या शतकात रचलेले आहेत. आता कुणीतरी म्हणणारच, ‘मॅक्सम्युलर इंग्रजांचा माणूस.’ असेल. पण सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढणाऱ्याला ऋग्वेदात काय आहे नि काय नाही, एवढं तरी कळत असेल ना?

वासुदेवाची उपासना ख्रिस्ताच्या आधीची आहे, हे मात्र कबूल करतो. त्यासाठी फ्रान्सला जायला नको, जुन्नरजवळ नाणेघाटात जा. तिथल्या सातवाहन लेखात संकर्षण-वासुदेवांना नमन आहे. त्यावरून ख्रिस्त म्हणजे कृष्ण कसा ठरतो, हे मामांनी सांगावं.

खरा संताप नीत्शेच्या ओळीचा. या जर्मन तत्त्वज्ञाने 1888 मध्ये मनू वाचला तो जाकोलिओच्याच 1876 च्या फ्रेंच पुस्तकातून. त्यातून उचलून नीत्शेने चांडाळांसाठीचे नियम दिले : खायला फक्त लसूण-कांदा; पाणी नदीचं, झऱ्याचं, तळ्याचं नाही, दलदलीच्या काठचं नाहीतर जनावरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांतलं; बाळंतिणीला शूद्र बाईनेही मदत करायची नाही. आपल्याकडच्या मनुस्मृतीत हे सापडत नाही. तिच्या दहाव्या अध्यायात गावाबाहेरची वस्ती, फुटकी भांडी, प्रेतावरची वस्त्रं आहेत, म्हणजे मनूला क्रूर ठरवायला फ्रेंच भर घालायची गरजच नव्हती. वर जाकोलिओची पुस्ती अशी की हेच चांडाळ भारत सोडून गेले आणि त्यांचे सेमाइट, म्हणजे ज्यू वगैरे, झाले. नीत्शेने तीही उचलली. ‘भारताचा गौरव’ म्हणून आपण जे पुढे ढकलतोय त्यात एका अख्ख्या समाजाला शिवी आहे, आणि ती शिवी होण्यासाठी आधी आपलाच एक समाज हीन मानावा लागतो!

आणि हे महाराष्ट्रात मिरवायचं? चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 1927 च्या मार्चमध्ये महाडला लोकांनी मार खाल्ला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. नीत्शेने केलेली मनूची स्तुती बाबासाहेबांनीही वाचली होती. त्यांनी ती पुरावा म्हणून वापरली, पण मनूच्या विरोधात.

राहिले अशोकाचे नऊ ज्ञानी, म्हणजे गुप्त ज्ञान जपणारं नऊ जणांचं कथित मंडळ. ते प्रसिद्ध झाले टॅल्बट मंडीच्या 1923 च्या एका कादंबरीमुळे. अशोकाचे शिलालेख वाचा, त्यांत असलं काही नाही.